जळालेल्या फ्यूजची खरेदी

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. शुगर आटोक्यात आहे, गुडघा कुरकुरतो पण चालवतो. आजच्या पत्राचे कारण मात्र तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

काचेच्या फ्यूजच्या खरेदीचे एक स्पेसिफिकेशन माझ्या सहीसाठी आले आहे. पुरवठादाराने प्रत्येक फ्यूज वितळेपर्यंत त्यातून प्रवाह सोडावा आणि या परीक्षेत उत्तीर्ण झालेलेच फ्यूज पाठवावेत, असे त्यात एक कलम आहे. खाली पाच वरिष्ठांच्या सह्या आहेत. एका पुरवठादाराने तर तपासणीचा खर्च धरून दरही कळवला आहे!

तुला सिग्नेटिक्स आठवली असेलच. ज्यांच्या ५५५ टायमर चिपवर आपण हॉस्टेलभर दिवे लुकलुकवले, त्याच कॅलिफोर्नियातल्या कंपनीत १९७०च्या दशकाच्या आरंभी न वाचता होणाऱ्या मंजुऱ्यांना विटलेल्या एका इंजिनिअरने २५१२० या ‘राइट-ओन्ली मेमरी’ची, म्हणजे जिच्यात फक्त लिहिता येते, वाचता काहीच येत नाही अशा चिपची, डेटाशीट गठ्ठ्यात सरकवून दिली, आणि ग्राहक किंमत विचारू लागले तेव्हा कुठे साहेबांना जाग आली, असे सांगतात. सॉकेटमध्ये कितीदा बसवल्यावर किती पिना शिल्लक राहतात याचा आलेख त्यात होता, आणि थंडाव्यासाठी अर्ध्या इंचावर सहा फुटी पंखा! ‘शून्य व्होल्ट, अधिक-उणे दोन टक्के’ यावरून आपण अण्णांच्या टपरीवर भांडलो होतो. शून्याचे दोन टक्के शून्यच, तेव्हा त्या कागदावरची सर्वांत कडक अट तीच, हे माझे मत आजही कायम आहे. जाहिरातीतल्या फुगवलेल्या वॅटांचा, हजार वॅट पीएमपीओचा टेपरेकॉर्डर मिरवणाऱ्याने त्यावर हसू नये.

आता खरी काळजी. मसुदा नव्या मुलीने केला आहे आणि तो तिने मुद्दामच तसा केला असावा; कारण नमुन्यादाखल थोडे फ्यूज जाळावेत आणि बाकीच्यांचा रोध मोजावा, ही योग्य पद्धत पुढच्याच कलमात तिने बिनचूक लिहिली आहे. सही तर मी करणार नाही. पण कारण लिहून फाइल परत पाठवली, तर पाच जणांची नामुष्की तिच्या एकटीच्या प्रोबेशनवर निघेल. गुपचूप कलम खोडले, तर पाचही जण पुढचा कागदही असाच मंजूर करतील. तिला बोलावून विचारावे, तर मला हसू आवरणार नाही.

धाकटीचे लग्न ठरल्याचे कळले, अभिनंदन. गच्चीची गळती थांबली का?

सोमवारपर्यंत फाइल माझ्या टेबलावर आहे. त्याआधी फोन कर.

तुझा,
बाळ्या