कलम पहिल्याच कागदावर लिहिलंत, त्याबद्दल

रुग्णालय चौकीच्या सहायक फौजदार साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

कॅज्युअल्टीत मारहाण झाली की दुसऱ्या दिवशी भेटायला येणारे पुष्कळ असतात. निषेध होतो, काळ्या फिती लागतात, फोटो निघतात. पुढे कोर्टात तारीख पडते तेव्हा हाताशी असतो तो फक्त त्या रात्री लिहिलेला कागद. तो ढिला असेल तर प्रकरण मिटवामिटवीत जातं. तुम्ही चौकीवर आल्यापासून हा कागद नीट लिहिला जातोय, म्हणून हे आभार. पत्र जाहीर लिहिलं ते दुसऱ्या दवाखान्यांतल्या लोकांच्याही उपयोगी पडावं म्हणून.

आधी कलमांचं. चापट मारली, शिव्या दिल्या, 'बाहेर भेट' म्हणाला, एवढंच तक्रारीत लिहिलं तर भारतीय न्याय संहितेची 115(2), 352 आणि 351(2) ही कलमं लागतात. तिन्ही अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास किंवा अटक करता येत नाही. मग हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, प्रत पडते आणि मारणारा आपल्या आधी घरी पोचलेला असतो. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्था यांच्यावरच्या हिंसेविरुद्धचा राज्याचा 2010 चा कायदा लावला की चित्र बदलतं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय एक जरी कलम दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. कायद्याचं नाव इतकं लांबलचक आहे की घाईत ते लिहायचंच राहून जातं. तुम्ही ते छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंत, आता कोणीही बघून लिहितं.

सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं न्याय संहितेतलं कलम 132 सरकारी दवाखान्यातल्या आम्हाला लागतं, पण समोरच्या खाजगी नर्सिंग होममधल्या सिस्टरला लागत नाही. 2010 चा कायदा मात्र दोन्हीकडे चालतो, हे तुम्ही तिथल्या डॉक्टरांनाही समजावलंत. आणि साथरोग कायद्यातली 2020 ची दुरुस्ती साथीच्या काळातल्या सेवेपुरती आहे. एरवी ती घातली तर बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो, हेही.

दुसरी गोष्ट फिर्यादी कोण, याची. मार खाल्लेला निवासी डॉक्टर फिर्यादी झाला की दबाव त्याच्या एकट्यावर येतो. तीन वर्षांनी तो एमडी होऊन गावी जातो आणि समन्स होस्टेलच्या बंद खोलीवर येतं. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने 16 ऑगस्ट 2024 ला काढलेल्या सूचनेत तक्रार संस्थेने, जास्तीत जास्त सहा तासांत द्यायची, जबाबदारी संस्थाप्रमुखाची, असं म्हटलं आहे. पण रात्री अडीच वाजता अधिष्ठात्यांची सही कुठून आणायची? ड्युटीवरच्या सीएमओच्या (कॅज्युअल्टीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या) नावे अधिकारपत्र आधीच सही-शिक्क्यानिशी करून ठेवा, ही सूचना तुमची. साक्षीदारांच्या जबाबात होस्टेलऐवजी कायमचा पत्ता आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक घालायचा, हीसुद्धा.

जखमांच्या बाबतीत आमचीच मंडळी सगळ्यात निष्काळजी. शेजारच्या खोलीत सहकाऱ्याने दोन टाके घालायचे, पेनकिलर घ्यायची आणि परत पेशंट बघायला उभं राहायचं. केसपेपर नाही, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाच्या नोंदीचा) नंबर नाही, म्हणजे कोर्टाच्या लेखी जखमच नाही. आता केसपेपर निघतो, आणि तपासणी भांडणाच्या वेळी तिथे हजर नसलेला डॉक्टर करतो, म्हणजे तपासणारा आणि साक्षीदार एकच होत नाहीत. जखमेची बाजू, जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो. कानाखाली बसली असेल तर त्याच दिवशी ईएनटीकडून (कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून) कानाचा पडदा तपासायचा. पडद्याचं छोटं भोक काही आठवड्यांत आपोआप भरून येतं, मग दाखवायला काही उरत नाही. दुखापतीने पंधरा दिवस रोजची कामं करता आली नाहीत तर ती कायद्याने 'जबर दुखापत' ठरते, म्हणून आजारपणाच्या रजेचा कागदही जोडायचा. आधीच्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) ही मुदत वीस दिवस होती. अजून काहीजण तीच धरून चालतात.

आणि पंचनामा. काच फुटली की मावशी पहिल्यांदा झाडू घेतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही, कारण अनवाणी पेशंट आत येतच असतात. तुम्ही कॅज्युअल्टी बंद केली नाहीत. ट्रायजचं (आलेल्या पेशंटची निकड ठरवायचं) टेबल आणि त्याभोवतीची थोडी जागा बँडेजचा रोल ताणून अडवली, पेशंट दुसऱ्या दाराने घेतले, चारही बाजूंनी फोटो काढले, पंच म्हणून आमच्या स्टाफला न घेता बाहेरचे दोघे आणले, आणि जागा मोकळी करून दिली. मोडलेल्या मॉनिटरवरचा डेड स्टॉक नंबर (दवाखान्याच्या सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक) उतरवून घेतलात तेव्हा स्टोअरकीपरही चकित झाले. कारण साधं आहे: 2010 च्या कायद्यात मोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे, आणि खरेदी किंमत डेड स्टॉक रजिस्टरशिवाय सिद्ध कशी होणार? नुसतं 'मशिनरीचे नुकसान' लिहिलं तर दुप्पट कशाची करायची?

सीसीटीव्हीचं थोडक्यात. डिस्क भरली की डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) जुनं चित्रण पुसून त्यावर नवं घेतो, म्हणून जतन करण्याचं पत्र त्याच रात्री. डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे ते पंचनाम्यात. स्क्रीनचं मोबाईलवर केलेलं शूटिंग पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, भाग अ आणि भाग ब, हॅश व्हॅल्यूसह (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी आकडा).

'तीस-चाळीस जणांच्या जमावाने' हे वाक्य तुम्ही आम्हाला लिहू दिलं नाहीत. कोणी, कशाने, कुठे मारलं? सलाईनचा स्टँड कोणाच्या हातात होता? नाव माहीत नसेल तर शर्टाचा रंग, वय, पेशंटशी नातं. नुसता ओरडणारा आणि मारणारा वेगळे लिहायचे. रडत दार ठोठावणारी आई आरोपींत घालायची नाही. सुरक्षारक्षकाचा जबाब वेगळा घ्यायचा, कारण पहिला मार बहुतेक वेळा तोच खातो आणि 2010 च्या कायद्यात नावं आहेत ती डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांची, रक्षकाचं नाही.

ह्या आभारातला एक भाग आमच्यातल्या काहींना पचणार नाही. नातेवाइकांची हलगर्जीपणाची तक्रारही तुम्ही घेतलीत, वेगळ्या कागदावर. ते योग्यच होतं. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की डॉक्टरवर कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. ती वाट नातेवाइकांना मोकळी असली, तर 'पैसे घ्या आणि दोन्ही केसेस मागे घ्या' ही सौदेबाजी अवघड होते.

मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरच्या डोळ्याला जबर इजा झाली, राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, त्यानंतर महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान आणि पेशंटमागे भेटायला येणाऱ्यांसाठी दोन पासांची पद्धत आली. जवान पाहिजेतच. पण त्यांनी धरून दिलेला माणूस पुढे सुटू नये, हे काम तुमच्या पेनाचं.

एक विनंती आहे. नवे निवासी डॉक्टर रुजू होतायत. त्यांच्या पहिल्या आठवड्यात तासभर याल का? एमएलसीचा कोरा फॉर्म, अधिकारपत्राचा नमुना आणि तुमच्या काचेखालचा तो कागद घेऊन. दुपारी दोननंतर, ओपीडी आटोपल्यावर. झेरॉक्स आम्ही काढतो, चहाही आमचाच.

आपले,
अपघात विभागातले निवासी डॉक्टर, सिस्टर-ब्रदर, मामा-मावशी आणि सुरक्षारक्षक