क्लिनिकलचे तास कुणी मोजले?

संपादक महोदय,
स. न.

फिजिओथेरपीची पदवी घेऊन अमेरिकेला येऊ पाहणाऱ्या मुलांचे आईवडील मला इथे ह्यूस्टनला फोन करतात. प्रश्न ठरलेला, ‘परीक्षा फार अवघड असते का हो?’ असते. एनपीटीई, म्हणजे इथली फिजिओथेरपीच्या लायसन्सची परीक्षा, आयुष्यात सहाच वेळा देता येते. पण बहुतेकांचं घोडं त्याआधीच, कागदपत्रांत अडतं.

आपली पदवी इथे जशीच्या तशी चालत नाही. प्रत्येक विषय आणि त्याचे तास, कुठल्या विभागात किती काळ काम केलं, हे सगळं इथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. मी २०१२ साली सांगली जिल्ह्यातून पास झाले. कॉलेजकडे आमच्या बॅचचा सविस्तर अभ्यासक्रम मागितला, तर कपाटातून निघाला नव्या बॅचचा. तासांची नोंद नव्हतीच. ‘मॅडम, तुम्हीच टाइप करून आणा, आम्ही शिक्का मारतो.’ न्यूरोच्या वॉर्डात सकाळी आठपासून उभं राहून काढलेले महिने असे टाइप करायचे?

मग जे कमी पडलं ते भरून काढा. मला समाजशास्त्राची परीक्षा द्यावी लागली. लोकांचे गुडघे वाकवणाऱ्या बाईला समाजशास्त्र! एक विषय मात्र खरोखरच कच्चा होता, तो म्हणजे डिफरन्शियल डायग्नोसिस, सारख्याच दिसणाऱ्या दुखण्यांमागचं नेमकं कारण ओळखणं. डॉक्टरांची चिठ्ठी आली की शॉर्टवेव्हचा शेक, ट्रॅक्शनचा ताण आणि व्यायाम, ही माझी सवय. इथे पेशंट थेट माझ्याकडेही येऊ शकतो. त्याची कंबर किडनीमुळे दुखतेय की गाठीमुळे, ही शंका मलाच यायला हवी. नोंदींचंही तसंच. ‘दुखणं कमी’ एवढं लिहून विमा कंपनी पैसे देत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, ते लिहायचं. सुरुवातीला मी सगळ्यांना मांडी घालता येते का विचारायचे. त्यांना हवं असायचं बाथटबच्या काठावरून पाय पलीकडे टाकणं.

लायसन्स मिळाल्यावरही शिक्षण सुटत नाही. टेक्सासात दर दोन वर्षांनी ३० युनिट, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३६ तास. आपल्याकडेही शनिवार-रविवारच्या टेपिंग (पट्ट्या चिकटवणं), ड्राय नीडलिंगच्या (स्नायूत सुया टोचणं) कार्यशाळा असतात. मी केलेल्या दोन्हींत जेवणानंतर प्रमाणपत्र हातात. तासांचा आकडा नाही, शेवटी चाचणी नाही.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीही राष्ट्रीय आयोगाखाली आणली आहे. आरोग्य विद्यापीठाने इंटर्नशिप संपताना विभागवार तासांचा सहीशिक्क्याचा कागद पदवीबरोबरच द्यावा. आधीच बाहेर पडलेल्यांसाठी रोगनिदान आणि नोंदी या दोन विषयांचा संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग काढावा. साताऱ्यात दवाखाना थाटलेल्यांनाही तो लागेल. त्यांच्याकडे तरी सगळेच कुठे चिठ्ठी घेऊन येतात?

मागच्या आठवड्यात लातूरहून एका आईचा फोन होता. मुलगी इंटर्नशिपला आहे. मी मुलीसाठी एवढाच निरोप दिला, रोजचा वॉर्ड आणि तास वहीत लिही, आणि महिना संपला की सरांची सही घे.

– एक फिजिओथेरपिस्ट, ह्यूस्टन
(कृपया नाव छापू नये.)