पिकअपमध्ये नेमके किती वजन भरावे?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनची रास झाली की आमच्या केज तालुक्यातल्या गावोगावच्या पिकअप बाजारपेठेच्या दिशेने धावू लागतात, आणि दर हंगामात त्यांतली एखादी रस्त्याकडेला पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) तुटून किंवा टायर फुटून आडवी झालेली दिसते. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. गाडीची क्षमता म्हणजे काय, याविषयी आपल्या भागात असलेला गैरसमज मला घरातच अनुभवास आला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या पुतण्याने गेल्या हंगामात शेजाऱ्यांच्या मालासह सोयाबीनचे ४० कट्टे पिकअपमध्ये भरले आणि तो धारूरच्या घाटाने माजलगावकडे निघाला. घाट उतरताना ब्रेक तापून पेडल खोल जाऊ लागले, चाकांतून जळका वास येऊ लागला, आणि त्याने प्रसंगावधान राखून गाडी खालच्या गिअरमध्ये घेत डोंगराच्या बाजूला टेकवली म्हणून तो व त्याच्यासोबतचा हमाल वाचले. रात्री घरी आल्यावर मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, गाडी दीड टनी आहे, पण सगळेच दोन-अडीच टन भरतात. मी मागे दोन पाटे वाढवून घेतलेत." हे त्याने अगदी खात्रीने सांगितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी वजनकाट्याची पावती आणि आरसी बुक शेजारी ठेवले. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन १,६५० किलो आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यू म्हणतात, ते २,९५० किलो लिहिलेले होते. वजाबाकी केली तर १,३०० किलो उरतात. मग 'दीड टनी' हा शब्द कुठून आला, तर तो गाडी घेतेवेळी कोणाच्या तरी तोंडून ऐकलेला होता. काट्यावर, चालक खाली उतरलेला असताना, भरलेली गाडी ४,१८० किलो आणि माल उतरवल्यावर रिकामी गाडी १,७४० किलो भरली होती. म्हणजे घेतल्यानंतर बसवलेले पुढचे गार्ड, ताडपत्रीसाठीची लोखंडी चौकट आणि वाढवलेले पाटे यांनीच ९० किलो खाल्ले होते. शिवाय मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येनुसार रिकाम्या वजनात नेहमीची साधनसामग्री धरली जाते, चालक व मदतनीस धरले जात नाहीत, त्यामुळे त्या दोघांचे सुमारे १४० किलो वजनही मालाच्या वाट्यातूनच जाते. हे सगळे वजा केल्यावर त्या गाडीत मालासाठी १,०७० किलो शिल्लक राहत होते, म्हणजे ६० किलोचे जेमतेम १७ कट्टे. आम्ही भरले होते ४०.

वाढीव पाट्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडे क्षमता वाढवण्याचा हाच एक सर्वमान्य उपाय समजला जातो. पाटे वाढवल्याने गाडी मागून दबत नाही, एवढेच होते. चासी, एक्सल, चाकांचे बेअरिंग, टायर आणि ब्रेक होते तेच राहतात, आणि कंपनी जे कमाल वजन ठरवते ते या सगळ्यांतला सर्वांत कमकुवत भाग पाहून ठरवते. टायरच्या बाजूवर लोड इंडेक्स छापलेला असतो. तो १०० असेल तर तो टायर ठरलेल्या हवेत ८०० किलो पेलतो, त्यापलीकडे पाट्यांची संख्या पाहून तो काही जास्त पेलणार नाही. याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, जो गाडी मागून किती दबली आहे त्यावरून मागच्या ब्रेकना किती दाब द्यायचा हे ठरवतो. पाटे वाढवल्यामुळे माल भरूनही गाडी दबली नाही तर त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामीच आहे असे वाटते, आणि ज्या वेळी मागच्या ब्रेकची सर्वाधिक गरज असते नेमका त्याच वेळी तो त्यांचा दाब कमी ठेवतो. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर येऊन ते तापतात. माझ्या पुतण्याच्या गाडीचे वजन मर्यादेपेक्षा ४० टक्क्यांहून अधिक होते, म्हणजे त्याच वेगात ती थांबवण्यासाठी ब्रेकना तितकीच अधिक उष्णता सोसावी लागत होती, आणि त्यात हा व्हॉल्व्ह फसलेला होता. घाटात त्याचे पेडल खोल का गेले, याचे माझ्या मते हेच उत्तर आहे.

हौद्याच्या आकारावरून वजनाचा अंदाज बांधण्याची सवयही घातक आहे. कापसाने हौदा शिगोशीग भरला तरी वजन बेताचे राहते, पण एक ब्रास म्हणजे १०० घनफूट कोरडी वाळू सुमारे साडेचार टन भरते, आणि गावात बांधकामासाठी 'अर्धा ब्रास' सहज पिकअपमध्ये टाकला जातो, तो सव्वादोन टनांचा असतो. वाळू ओली असेल तर त्याहून जास्त. माल मागच्या एक्सलच्या पाठीमागे रचला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला सैल लागते, हे चालकांना जाणवते, पण त्याचे कारण त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ओढण्याच्या क्षमतेचा विचार तर आपल्याकडे होतच नाही. टंचाईच्या काळात पिकअपमागे पाण्याची टाकी जोडलेली मी पाहिली आहे. २,००० लिटर पाणी म्हणजे २,००० किलो, टाकी आणि चाके वेगळी, आणि अशा टाकीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी ब्रेक लावताच पुढे धावून गाडीला ढकलते. दोन चाकांच्या ट्रेलरचा दांडा हुकावर खाली दाबतो आणि तो दाब, ट्रेलर नीट भरलेला असेल तर त्याच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के, पिकअपच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो. १,५०० किलोचा ट्रेलर असेल तर १५० ते २२५ किलो हौद्यात ठेवल्यासारखेच झाले.

आमच्याकडची तरुण मुले मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअप सहा-सहा टनांचे ट्रेलर ओढताना पाहतात आणि आपल्या गाडीकडूनही तीच अपेक्षा ठेवतात. तिथे तो आकडा विशिष्ट इंजिन, विशिष्ट गिअर गुणोत्तर आणि स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर गृहीत धरून दिलेला असतो. गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण किती वजन चालेल याची वेगळी मर्यादा असते. ओढण्याची क्षमता मोजण्याची, एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची 'जे २८०७' (J2807) ही प्रमाणित पद्धत आहे आणि तिच्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावरची कसोटी धरलेली आहे. प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे तिथे चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. तरीही हुकावरचा दाब आणि गाडीत बसलेली माणसे धरली की अनेकदा जाहिरातीतला आकडा गाठण्याआधीच भारक्षमता संपते. आपल्याकडे तर ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी कायद्याने आवश्यक आहे, हेच पुष्कळांना माहीत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ नुसार आरसी बुकातल्या कमाल वजनापेक्षा जास्त वजनाची गाडी चालवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. कलम ११४ खाली अधिकारी जादा माल जागीच उतरवायला लावू शकतो. दंड चालकाच्या पदरी पडतो, पण दोष एकट्या चालकाचा नाही. भाडे कट्ट्यामागे ठरते, माल एका खेपेत जावा असा शेतकऱ्याचा आग्रह असतो, आणि १७ कट्टे नेणाऱ्याला डिझेलही परवडत नाही. दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून मोठे वाहन ठरवले तर हे गणित बसू शकते, असा माझा अनुभव आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येईल असा निर्णय दिला. त्यामुळे हजारो चालकांची अडचण दूर झाली, याचा मला आनंद आहे. परंतु वजनाचे हे ज्ञान त्यांना आता कोण देणार, हा प्रश्न त्यामुळेच अधिक निकडीचा झाला आहे.

माझी विनंती बाजार समित्यांना आहे. संगणकीकृत काट्याच्या पावतीवर भरलेले आणि रिकामे वजन छापलेलेच असते. त्याच पावतीवर त्या वाहनाचे आरसी बुकातले कमाल वजन तिसऱ्या ओळीत छापावे, म्हणजे शेतकरी, हमाल, अडत्या आणि चालक या चौघांच्याही डोळ्यांसमोर तो आकडा येईल. वाहनाचा क्रमांक काट्यावर लिहून घेतलाच जातो. आरसी बुकातला आणखी एक आकडा टिपून घ्यायला अर्धा मिनिटही लागणार नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या बाजार समितीने येत्या हंगामात एवढे करून पाहावे. त्यासाठी काट्यावरच्या कर्मचाऱ्यांना हे सारे समजावून सांगायला मी विनामोबदला यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
केज, जि. बीड