पितळेचं भोक

पुणे, रविवार, रात्रीचा दीड

प्रिय पक्या,

काल रात्री तुझा फेटा राखाडी दिसला, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर दीड वर्षात मी पत्र सोड, तुझ्या मिस्ड कॉललाही उत्तर दिलं नाही, हे मला माहीत आहे. शिव्या भेटल्यावर घाल. इकडे सगळे बरे. माझी शुगर काठावर, आईचं बीपी गोळीवर. झालं.

माळा आवरताना एकांकिकेची कॅसेट सापडली. मामाचा हँडीकॅम अजून चालतो, ही बातमी जाड्याला सांग, त्याने तो पाडला होता म्हणून दहा वर्षं माझ्यावर आळ आहे. ऑफिसातून एक परत आलेला व्हिडिओ रेकॉर्डिंगचा बोर्ड घरी आणलाच होता. म्हटलं, त्यातूनच कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊ. चार पिनांची एस-व्हिडिओ केबल लावली, प्ले दाबलं. तू पाटील होऊन एन्ट्री घेतलीस, मिशी एका बाजूने सुटलेली, आणि फेटा राखाडी. ज्या फेट्यावरून तू आणि जाड्या अर्धा तास लाल की डाळिंबी म्हणून भांडलात, तो फेटा! डबल-बॅटरीची हिरवी साडीसुद्धा राखाडी. बाकी चित्र अगदी स्वच्छ. एक मुंगी नाही, एक रेघ नाही.

आधी टेपला शिव्या दिल्या, मग पाल-एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धतींचा घोळ असेल म्हणून ते उलटसुलट केलं. चहा करायला उठलो आणि दूध उतू जात असताना डोक्यात आलं. परत येऊन बघतो तर इनपुट ‘कॉम्पोझिट-०’, म्हणजे उजेड आणि रंग एकाच तारेतून येणार असं धरलेलं.

तुला पुढचं सांगायलाच नको, पण मला सांगायचंय. चिप तीच, आपली टीव्हीपी ५१५०, कॅमेऱ्याच्या व्हिडिओचे आकडे करणारी. व्हिडिओ आत घ्यायला दोन पाय. पहिल्यावर एक कॉम्पोझिट, दुसऱ्यावर दुसरा, नाहीतर दोन्ही मिळून एक एस-व्हिडिओ: पहिल्यावर उजेड-अंधार, दुसऱ्यावर रंग. म्हणून ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, तीन इनपुट दाखवतो, आणि आमचा ड्रायव्हर सुरू होताना त्यातलं पहिलं धरतो. आता हा बोर्ड स्वस्तातला. याच्यावर कॉम्पोझिटचा पिवळा जॅक सोल्डरच केलेला नाही, नुसते रिकामे पॅड. भोक एकच, काळं, चार पिनांचं. पण ड्रायव्हरला भोक माहीतच नाही, त्याला फक्त चिपचे पाय माहीत. तो कॉम्पोझिट समजून पहिला पाय वाचत बसतो, तिथे उजेड-अंधार येतोच, आणि चित्र उमटतं. बिनरंगाचं. स्क्रीन काळी पडली असती तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं रे.

हा बोर्ड परत का आला होता माहितीये? एंडोस्कोपीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रातून. जुने कॅमेरे अजून एस-व्हिडिओच देतात. बसवणारा माणूस पहिल्या दिवशी इनपुट नीट लावून जातो, मग लाइट जाते, यंत्र पुन्हा सुरू होतं आणि रंग गायब. फील्डवाल्यांनी तीनदा केबल बदलली, एकदा कॅमेऱ्यावर खापर फोडलं. एक डॉक्टर म्हणाले, लाली दिसत नसेल तर मी आत बघू काय? ही तक्रार माझ्या टेबलावर तीन आठवडे आहे. मी तिच्यावर शेरा मारलाय: ‘केबल तपासा.’

आणि आता खरी गोष्ट. चार महिन्यांपूर्वी टीममधल्या नव्या मुलीने पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला होता. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, प्रत्येक सॉकेटची स्वतंत्र नोंद, त्याचं नाव, तो चिपच्या कुठल्या पायाला जोडलाय त्याची तार. मीडिया ग्राफमध्ये, म्हणजे व्हिडिओच्या वाटेच्या नकाशात, सॉकेट ही वेगळी एंटिटी, स्वतंत्र ठिपका. जे बोर्डवर नाही ते यादीत नाही. म्हणजे या बोर्डवर एस-व्हिडिओ एवढं एकच इनपुट उरलं असतं, आणि लाइट गेली काय, आली काय, चुकायला जागाच नव्हती. मी रिव्ह्यूत लिहिलं, ‘पितळेच्या भोकासाठी दोनशे ओळी कशाला?’

ओळखीचं वाटतंय ना वाक्य? सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना तू ताटात मिठाने गोल काढलास आणि म्हणालास, हे सॉकेट आहे, माणसाचा हात इथे लागतो, चिपला नाही. मी बोटाने ते मीठ पुसून कांद्याला लावून खाल्लं आणि हेच वाक्य टाकलं. सगळे हसले. तूही हसलास. दोन महिन्यांनी तू राजीनामा दिलास, पगारासाठी म्हणालास, आणि मी ते सोयीने खरं मानलं.

लिनक्समध्ये असा नकाशा ठेवणारा मीडिया कंट्रोलर २०११ साली आला, मग काही वर्षांनी सॉकेटही एंटिटी म्हणून आले, तिथेही याच चिपवरून काथ्याकूट झाला. मी ते सगळं वाचलं होतं. वाचूनही लिहिलं, हे जास्त लागतंय. एचडीएमआयच्या वेळी मीच ज्युनिअर पोरांना शिकवतो, की एकोणिसावी पिन मॉनिटर लागल्याचं सांगते, मग ५० हेक्स पत्त्यावरून ईडीआयडी, म्हणजे मॉनिटरची स्वतःची माहिती, वाचा. तिथे सॉकेट स्वतः बोलतं म्हणून त्याला मान. एस-व्हिडिओ मुकं, म्हणून ते पितळ.

पोरीने पॅच मुकाट्याने मागे घेतला. गेल्या महिन्यात तिने ऑडिओ टीममध्ये बदली मागितली. तिथे हेडफोनच्या जॅकवर काम आहे, माइक आणि ग्राउंड उलटसुलट असलेले हेडसेट ओळखायचं. तुझा तो हेडसेट आठवला, ज्यात तू विहिरीतून बोलल्यासारखा यायचास. अर्जावर माझी सही हवी आहे. उद्या.

दुरुस्तीचं मला भय नाही. जुन्या बोर्डांच्या डिव्हाइस ट्रीत सॉकेटची नोंद नाही, तर तिथे जुनंच वागणं ठेवायचं, नवी फाइल गेली की नवं. पण पॅच तिच्याच नावाने जायला हवा, आणि तो रिव्ह्यू तिथे कायमचा आहे. सगळ्यांना दिसतो. त्याखाली मी काय लिहू? आज सहा वेळा लिहून खोडलं. ‘माझी चूक झाली’ एवढं लिहिलं तर साहेबी वाटतं, जास्त लिहिलं तर लाचार. बायको म्हणते, समोर जाऊन बोल. समोर बोलायची माझी रीत तुला माहीत आहे, मीठ पुसून.

एक तांत्रिक शंका राहिलीच. तिने एस-व्हिडिओला एक सॉकेट आणि त्यातून दोन तारा काढल्यात, उजेडाची एक, रंगाची एक. मला अजूनही एकच तार पुरेशी वाटते, माणूस केबल एकच लावतो. की हाही माझा आडमुठेपणाच? तू बघ आणि सरळ सांग. पॅच सोबत जोडलाय.

मावशींचा गुडघा कसा आहे? चिरंजीव जर्मनीला गेला का शेवटी? घराचा हप्ता संपला असं जाड्या म्हणाला, पार्टी उधार.

इनपुट बदलून कॅसेट पुन्हा लावली. फेटा डाळिंबी आहे. जाड्याला सांगू नकोस.

तुझा,
सुऱ्या

ता. क. फोन उद्या सकाळी अकराच्या आत कर. सही त्यानंतर आहे.