शंकरपटाचे नियम कागदावरच का?

मा. संपादक,
स. न.

भंडारा जिल्ह्यातला मी धानाचा शेतकरी. वडिलांची बैलजोडी शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, धावायची, मीही जोडी राखतो. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली तेव्हा आमच्या गोठ्यात गुलाल उधळला होता. 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानंही राज्याचा कायदा कायम ठेवला. ही परवानगी नियमांसह मिळाली आहे, हे मात्र आपण विसरत चाललो.

यंदा एका पटात जोड्या सुटतात त्या जागी मी दोरी धरून उभा होतो. शेजारच्या जोडीतल्या पांढऱ्या बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे चार ठिपके दिसले. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या मुठीत खिळा होता. पराणी, म्हणजे टोचायची काठी, दिसते म्हणून खिळा! पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र सकाळीच झालेलं. दुपारी दानीवर, म्हणजे धावपट्टीवर, बघायला कोणी नाही.

मुंबई-पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना 1912 पासून परवाना कायदा आहे. तिथं शर्यतीवर नजर ठेवणारे पंच असतात, घोड्याची उत्तेजक द्रव्याची तपासणी होते. मग आमच्या बैलांना तेवढी तरी राखण का नको? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली की काम संपलं, असं होऊ नये. पशुवैद्यक शेवटची जोडी सुटेपर्यंत हजर हवा आणि धावून आलेला प्रत्येक बैल त्यानं हात फिरवून बघावा. खिळा सापडला तर ती जोडी बाद, आणि गुन्हाही.

पट पुन्हा बंद पडला तर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, पटाच्या रात्री होणारं नाटकही ओस पडेल.

– एक पटशौकीन शेतकरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा