‘साहेब, तेच आहे, फक्त डबा वेगळा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीतल्या पँट्रीत कोला बदलल्याची कालच्या अंकातली बातमी वाचली. बातमी कसली, कंपनीचं पत्रकच होतं ते. ‘प्रवाशांना ताजेपणाचा नवा अनुभव’ हे वाक्य तुमच्या बातमीदाराने स्वतःच्या डोक्याने लिहिलं असेल, तर त्याला ताबडतोब जाहिरात विभागात बढती द्यावी. पान 5 वर त्याच पेयाची अर्धं पान जाहिरात आहे, तो अर्थातच योगायोग.

कुठला कोला चांगला, या भांडणात मला पडायचं नाही. त्यावरून आठवडाभर तुमच्या पत्रव्यवहारात वाचक एकमेकांच्या अंगावर धावून जात आहेत, ते करमणूक म्हणून ठीक आहे. चवीच्या जाणकारांना एवढंच सांगतो, की 1985 च्या एप्रिलमध्ये कोका-कोलाने जवळपास दोन लाख लोकांना चाखायला देऊन, पुरती खात्री करून नवी चव बाजारात आणली आणि 79 दिवसांत जुनी परत आणायची वेळ तिच्यावर आली. 2004 साली अमेरिकेत 67 जणांवर प्रयोग झाला होता. नाव लपवून प्यायला दिलं तेव्हा कोका-कोला आणि पेप्सीला मतं साधारण निम्मी निम्मी पडली, आणि कोका-कोलाचं नाव दाखवल्यावर मेंदूतले आठवणींशी संबंधित भाग जागे झाले. म्हणजे आपण अर्धं नावच पितो. कोका-कोला 1977 साली भारतातून गेली आणि 1993 मध्ये परत आली. मधली सोळा वर्षं कोणाची तहान अडून राहिली नाही, हेही मान्य. पँट्रीत जागा वीतभर, शीतपेटी एक, कंत्राट एकाच कंपनीशी. तेव्हा एक आला की दुसरा जाणार, हे मला कळतं. बदला की. फक्त बदललाय हे सांगा.

माझा धाकटा भाऊ वीस वर्षांपासून इन्सुलिनवर आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघं गाडीत होतो. जेवण यायला चांगला दीड तास उशीर झाला (त्याबद्दल वेगळं पत्र लिहिणार होतो, राहिलं), आणि इन्सुलिन तर त्याने वेळेवर टोचून घेतलेलं. मी पेपर वाचत होतो, तुमचाच. बाजूला पाहिलं तर हा पाण्याच्या बाटलीचं झाकण लावतोय, ते आट्यांत बसत नाहीये आणि तो त्या झाकणावर चिडलाय. कपाळावर घाम. ही चिडचिड मी ओळखतो. बोट टोचून यंत्रावर रक्तातली साखर पाहिली, 58. सत्तरच्या खाली गेलं की धोका, हे आमच्या घरात पोरासोरांनाही पाठ आहे. ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी घरी चार्जरशेजारी राहिली होती. ती चूक आमची, तिचं खापर मी रेल्वेवर फोडत नाही.

अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर पोटात घालायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, असं डॉक्टरांनी शिकवलेलं. नेहमीच्या गोड कोल्यात 100 मिलीलीटरला सुमारे साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे 330 च्या डब्यातला अर्धा पुरतो. हे गणित भाऊ झोपेतही सांगेल. मी धावत पँट्रीत गेलो, नाव घेऊन कोला मागितला. हातात वेगळाच डबा आला. ‘हा नको, तो द्या,’ म्हटलं तर पोरगा हसून म्हणाला, ‘साहेब, तेच आहे, फक्त डबा वेगळा.’

घाई होती. घेतला, अर्धा पाजला. पंधरा मिनिटं मोजली. 61. भाऊ म्हणाला, ‘दादा, हे नुसतं गोड लागतंय, आत काही नाही.’ मग चष्मा लावून डब्याच्या पाठीवरची ती मुंगीएवढी अक्षरं वाचली. साखर जुन्या कोल्याच्या निम्म्याहून कमी, बाकी गोडवा कृत्रिम! पुढच्या बाजूला कुठेही ‘डाएट’ नाही, ‘शुगर फ्री’ नाही. समोरच्या बाकावरच्या आजींनी न विचारता चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्या फाडल्या आणि एकेक त्याच्या तोंडात रिकामी केली. पाच पुड्या. मग आकडा चढला. आजी म्हणाल्या, ‘त्या डब्याच्या नादी कशाला लागलात?’ बरोबरच होतं त्यांचं.

बिल आलं ते दोन डब्यांचं. दुसरा मी मागितलाच नव्हता.

हे जगावेगळं काही नाही. ब्रिटनमध्ये 2017 साली लुकोझेड एनर्जी या पेयातली साखर 100 मिलीलीटरला 17 ग्रॅमवरून साडेचारवर आणली, नाव तेच ठेवलं. साखर उतरली की तेच पिणारे असंख्य मधुमेही तिथे होते. त्यांना सावध करत फिरावं लागलं. तिथे निदान सावध तरी केलं. बरं, बाहेर असलो तर माणूस पलीकडच्या दुकानात जाईल. धावत्या गाडीत पलीकडे फक्त पुढचा डबा असतो, आणि तिथेही तोच पोरगा येतो. मेनूकार्डावर आजही जुन्याच कोल्याचं नाव आहे. त्यावर नवीन नाव आणि एका डब्यात किती ग्रॅम साखर हा आकडा छापायला किती शाई लागेल? आणि ‘तेच आहे’ हे दोन शब्द पँट्रीतल्या पोरांना नेमकं कोण शिकवतं, हे तुमच्या बातमीदाराने त्या ताजेपणाच्या अनुभवातून वेळ काढून विचारावं.

लिहितोच आहे तर ग्लासातल्या बर्फाचंही लिहितो. कोला मागितला की गळ्यापर्यंत बर्फ भरलेला ग्लास पुढे येतो, वर चार बोटं पेय. उरलेला अर्धा डबा पोरगा ट्रेवर परत घेऊन जातो, तो कुठे जातो? ‘बर्फ नको’ असं तीनदा सांगूनही बर्फ येतोच. मागितलेला कोला मात्र येत नाही.

हे पत्र काटछाट करून छापलंत तरी चालेल, पण साखरेचा भाग ठेवा. आजींचाही ठेवा.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. : कालचं शब्दकोडं आणि गेल्या मंगळवारचं शब्दकोडं एकच होतं. मी दोन्ही सोडवली, म्हणून कळलं. निदान आडवे उभे तरी करायचे.