डिजिटल शिक्षणाचा निधी चर्चच्या तळघरापर्यंत पोहोचू द्या

प्रति,
मा. वाणिज्यमंत्री,
अमेरिका, वॉशिंग्टन डी. सी.

महोदय,

मी अटलांटात राहणारा मराठी संगणक अभियंता. या शहरातल्या माझ्या मराठी बांधवांनीही हे पत्र वाचावं, म्हणून ते मराठीत लिहितो आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मागणी एवढीच, की डिजिटल इक्विटी कायद्याचा, म्हणजे संगणक-इंटरनेटपासून मागे राहिलेल्यांना ते शिकवण्यासाठी पैसा देणाऱ्या कायद्याचा, मे २०२५ मध्ये थांबवलेला निधी पुन्हा सुरू करावा आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये चालणाऱ्या संगणकवर्गांना त्यातला वाटा मिळावा.

चर्चच का, असं आपण विचाराल. ज्या जॉर्जिया राज्यात मी राहतो, तिथे १८२९ च्या कायद्याने गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलं होतं. शिकवणारा गोरा असेल तर दंड आणि कैद, काळा असेल तर फटकेही. गुलामी संपली तेव्हा या माणसांकडे स्वतःची म्हणावी अशी एकच इमारत होती, ती म्हणजे चर्च. म्हणून शाळा तिथेच भरली. कृष्णवर्णीय मुलांचं मोअरहाउस कॉलेज १८६७ मध्ये ऑगस्टा शहरातल्या स्प्रिंगफील्ड बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात सुरू झालं. कृष्णवर्णीय मुलींचं स्पेलमन कॉलेज १८८१ मध्ये अटलांटातल्या फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात सुरू झालं. मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या दोन गोऱ्या शिक्षिकांना रेव्हरंड फ्रँक क्वार्ल्स यांनी ती ओलसर जागा दिली आणि पहिल्या दिवशी ११ विद्यार्थिनी आल्या. त्यांतल्या बहुतेक जणींना बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं.

पण मला आपलं लक्ष वेधायचं आहे ते फिलाडेल्फियाकडे, कारण तंत्रशिक्षणाची गोष्ट तिथली आहे. १९६० नंतर झायन बॅप्टिस्ट चर्चचे रेव्हरंड लिऑन सलिव्हन आणि शहरातले सुमारे चारशे पाद्री यांनी कृष्णवर्णीयांना कामावर न घेणाऱ्या कंपन्यांचा माल घेऊ नका, असं व्यासपीठावरून सांगायला सुरुवात केली. कंपन्या नमल्या, नोकऱ्या खुल्या झाल्या. मग लक्षात आलं, की त्या नोकऱ्यांसाठी लागणारं प्रशिक्षण मिळालेली माणसंच पुरेशी नाहीत. दुसरा कुणी इथे सरकारला निवेदन देऊन थांबला असता. सलिव्हन यांनी जानेवारी १९६४ मध्ये एका पडीक जुन्या तुरुंगात प्रशिक्षण केंद्र उघडलं. तिथे इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्टिंग (यंत्रांची रेखाचित्रं काढणं), मशीनशॉपचं काम शिकवत. त्याआधी वाचन आणि अंकगणिताचा एक पायाभूत वर्ग असे, कारण शाळेने मध्येच सोडून दिलेला माणूस एकदम यंत्रासमोर बसवला तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. झायन चर्चच्याच सभासदांनी प्रत्येकी दरमहा १० डॉलर असे ३६ महिने जमवले होते. त्या भांडवलातून पुढे प्रोग्रेस एरोस्पेस ही कंपनी उभी राहिली आणि तिने अंतराळ कार्यक्रमासाठी सुटे भाग बनवले. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः ते प्रशिक्षण केंद्र पाहायला आले, आणि केंद्र सरकारचा पैसाही या कामाला मिळाला. म्हणजे मी मागतो आहे ते काही नवीन नाही.

आता आजचं. मी ज्या चर्चमध्ये शनिवारी शिकवायला जातो, तिथे भोजनाच्या हॉलमध्ये घडीची टेबलं मांडून जुने लॅपटॉप लावतात. समोर बसतात त्या बहुतेक सत्तरीच्या आसपासच्या बायका, ज्यांना सगळं चर्च ‘मदर’ म्हणतं. दवाखान्याची अपॉइंटमेंट, औषधाची चिठ्ठी, पेन्शनचं काम, सगळं आता ऑनलाइन. मोबाइलवर सहा आकडी कोड येतो. चष्मा शोधून, तो वाचून, एकेक आकडा टाइप करेपर्यंत त्याची मुदत संपते. दुसरा कोड मागवावा तर खातंच बंद होतं. एका आजींनी पासवर्ड बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवला होता. मी तो तिथे ठेवू नका म्हणालो, तर शेजारी बसलेल्या, चर्चच्या गायनवृंदातल्या मुलीने मला थांबवलं आणि त्यांना रविवारच्या प्रार्थनेच्या कार्यक्रम पत्रिकेच्या मागे एक सोपी युक्ती लिहून दाखवली. आजींनी तिचं ऐकलं, कारण त्या तिला पाळण्यात असल्यापासून ओळखतात. हा विश्वास कुठल्याही निविदेतून विकत मिळत नाही, महोदय.

या वर्गाला पैसा लागतो. इंटरनेटचं बिल कमी करणारी दरमहा ३० डॉलरची सरकारी सवलत जून २०२४ मध्ये बंद झाली. ती घेणारी कुटुंबं २ कोटी ३० लाखांच्या आसपास होती. त्यानंतर वर्षभरात डिजिटल इक्विटीचे २७५ कोटी डॉलरही अडले. हा कायदा वंशभेदी आणि घटनाबाह्य असल्याचं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले. कायद्यातली यादी आपण एकदा वाचावी: माजी सैनिक, साठीपुढचे ज्येष्ठ, ग्रामीण भागातले लोक, अपंग, कमी उत्पन्नाची कुटुंबं, सगळे त्यात आहेत. वांशिक अल्पसंख्याक हा आठांपैकी एक गट आहे.

सरकारी पैसा धर्मप्रसारासाठी जाऊ नये, हे मलाही पूर्ण मान्य. त्यासाठी स्वतंत्र नोंदणीची ना-नफा संस्था आणि वेगळा हिशेब, एवढी अट घाला. अनेक चर्चनी तशा संस्था आधीच काढलेल्या आहेत.

आणि माझ्या मराठी बांधवांनो, जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. त्या लढ्यातून सुटलेल्यांची नातवंडं-पतवंडं आपल्या घरापासून अर्ध्या तासावर राहतात. आपल्यात संगणक येणारी माणसं भरपूर आहेत. शनिवारचे दोन तास द्या.

महोदय, अडवलेला निधी सोडा, लहान संस्थांसाठी दोन पानांत मावेल असा अर्ज ठेवा, आणि मंजुरी देण्यापूर्वी आपल्या खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याला असा एक वर्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहायला सांगा.

आपला,
अटलांटातला एक मराठी रहिवासी